बिनडोळ्याचा पोपट

आप्पा, तुमची पणती, माझी नात, दुकान मोडतेय. दुकान म्हटल्यावर तुम्ही वडवणीच्या बाजारातलं काहीतरी डोळ्यांपुढं आणाल, तर तसलं आणू नका. ह्या दुकानाला फळ्या नाहीत, गादी नाही, पायरीवर झोपणारं कुत्रंसुद्धा नाही. टीव्हीसारख्या एका डब्याच्या काचेत ते आहे, आणि तो डबा बीडला आमच्या पुढच्या खोलीत आहे. त्यातला माल म्हणजे चित्रं. कागदावरची नव्हेत, डब्यातच काढलेली. ठिकठिकाणची माणसं आपापल्या डब्यांत चित्रं काढायची आणि टेलिफोनच्या तारेतून हिच्याकडं धाडायची. गिऱ्हाईकही तारेतूनच यायचं: लग्नपत्रिका छापणारे, कॅलेंडरवाले, ट्रकच्या मागं लावायला मोर मागणारे. पाच वर्षं मी त्या दुकानावर पाळत ठेवली, एकही गिऱ्हाईक मला दारात चपला काढताना दिसलं नाही. ज्या दुकानात कुणी शिरताना दिसत नाही आणि निघताना दिसत नाही, ते मला खरं वाटत नाही. दुकान चालू असलं की घरचा फोन मुका व्हायचा, एवढाच काय तो पुरावा.

हे पत्र तीच लिहितेय. मला अक्षर येत नाही ते तुम्हाला माहीत आहे. पोरगी रंगाच्या हंड्याशीच बरी, असं तुम्हीच मास्तरांना सांगितलं होतं. मी सांगते आणि ती डब्यापुढं बसून बोटांनी टकटक करते. मी तीन शब्द सांगितले की ती वीसदा टकटक करते. मधले सतरा कुणाचे ते ती सांगत नाही. मी 'न्हाई' म्हणते तिथं ती 'नाही' लिहीत असणार, अशीही मला शंका आहे. विचारलं तर म्हणते, आजी तू बोल की, मी तुझंच लिहितेय. मी वाचून दाखव म्हटलं, तिनं दाखवलं. माझंच होतं, पण धुऊन इस्तरी केल्यासारखं.

मोडायचं कारण विचाराल तर तुमचंच. तुमच्या वेळी गिरणीचं छापील कापड बाजारात आलं, आणि लोक तुमची ठसे मारलेली जाड पासोडी खांद्यावर घेऊन बघायचे आणि लई जड हाय म्हणून खाली ठेवायचे. आता एक चकचकीत तबकडी आलीय, सीडी म्हणतात तिला. एका तबकडीत हजारो चित्रं, मोर म्हणा, गणपती म्हणा, नवरा-नवरी म्हणा. ती एकदा घरात आली की छापखानेवाल्याला कुणालाच काही विचारावं लागत नाही, चित्र कुणाचं हेही नाही. मी ती तबकडी उजेडात धरून पाहिली. स्वतःचं तोंड दिसतं, चित्र एकही दिसत नाही. लोक कशावर विश्वास ठेवतील सांगता येत नाही.

पण मोडायची रीत तिनं तुमची उचलली. मी शिकवली नव्हती. रक्तातून आली असेल, नाहीतर माझ्या बडबडीतून. आधी ज्याचं त्याच्या हाती, मग कुलूप. पंधरा दिवस झाले, ती एकेका चित्रकाराची चित्रं वेगळी काढते, त्या तसल्याच तबकडीत भरते, पाकिटात घालते, वर पत्ता लिहिते. आत एक कागद असतो, की तुमचं एकही चित्र मी मागं ठेवलेलं नाही, आणि खाली तिची सही. सगळी पाकिटं गेली. एक तेवढं टीव्हीवर पडून आहे, कडा गावच्या बाईचं.

ह्या बाईचा नवरा कड्याला कारखान्यात कारकून आहे. घरचं आवरून दुपारची ती चित्रं काढते. तिच्याकडं डबा नव्हता तेव्हा कागदावर काढून एसटीनं घेऊन यायची, आमच्याकडं जेवायची, आणि इथल्या डब्यात ती चित्रं चढवून जायची. मला ती पहिल्यापासून खटकली. माझ्या चहाला चांगलं म्हणायची. माझ्या चहाला माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नाही, तेव्हा हिच्या पोटात काहीतरी असणार, असं मी धरून चालले. तिचं पाकीट का अडलंय ते सांगते, पण त्यासाठी आधी तुमच्या अंगणात यावं लागेल.

दुपार आहे. तुम्ही ओट्यावर बसलाय, पुढं पाट, त्यावर घोंगडीची घडी, आणि घडीवर पासोडी पसरलेली. तुम्ही ठसा रंगाच्या गादीवर टेकवता, कापडावर ठेवता आणि मुठीनं एकदाच मारता. दुसरी मूठ मारावी लागली की तुमचं तोंड दिवसभर कडू. मी आठ-नऊ वर्षांची. कापडाचं जे टोक पुढं कापून जाणार असतं, तिथं तुम्ही मला एकदा ठसा मारू देता. तसलं काही तुम्ही कधी कुणाला दिलं नाही. मला बाहुलीही दिली नव्हती. तो पोपटाचा ठसा असतो. कैरीच्या नक्षीत बसलेला पोपट, पंखावर बारीक रेघा, चोच छातीत खुपसलेली. डोळा मात्र नाही.

"आप्पा, ह्याला डोळा कावून न्हाई?"

"कोरणाऱ्यानं ठिवला न्हाई. ती त्याची सही हाय," तुम्ही म्हणता. "ठसा आपल्या घरात ऱ्हातो, पर पोपट त्याचा."

आपल्या धंद्यात ठसे रंगाऱ्याचे नसत. पैठणकडचा तो म्हातारा कोरून आणून द्यायचा, वर्षाकाठी येऊन ठसे बघून जायचा, झिजलेल्याच्या कडा सावरायचा. रंगाऱ्यानं धंदा सोडला तर ठसा कोरणाऱ्याच्या हाती द्यायचा, आणि कोरणारा गेला असेल तर नदीला सोडायचा. तिसऱ्याला द्यायचा नाही. तुम्ही धंदा मोडायचं ठरवलं तेव्हा मायला हेच सांगत होतात, आणि मी रंग ढवळता ढवळता त्यातलं अर्धंच ऐकलं. नदी तेवढी ऐकली.

म्हातारा आला त्या दिवशी तुम्ही अंगणात पोतं अंथरलं आणि ठसे ओळीनं मांडले. त्यानं एकेक उचलला, अंगठा फिरवला, पिशवीत टाकला. पोपट नव्हता. तुम्ही घर पालथं घातलं. मग डोक्याचं पागोटं काढून त्याच्या पायाशी ठेवलं. म्हातारा एक शब्द बोलला नाही. पागोटं उचलून तुमच्या हातात दिलं आणि बाकीचे ठसे घेऊन गेला. तो काही बोलला असता तर पुढचं टळलं असतं, असं मला नेहमी वाटतं. तो बोलला नाही म्हणून तुम्ही बोललात, आणि समोर मामा होता. मायचा भाऊ, तुमच्याकडं रंग कालवणारा. ठशांना तुमच्याशिवाय त्याचाच हात लागायचा. त्यानं शपथेला देवळीतला बेलभंडारा उचलला.

"दाजी, म्यां घेतला न्हाई."

"बेल सुकायच्या आत खरं काय ते सांग," तुम्ही म्हणालात.

त्यानं बेल जागच्या जागी ठेवला, धोतराला हात पुसले आणि निघून गेला. परत आपल्या उंबऱ्यात आला नाही. पुढं माय दर भाऊबीजेला ताट घेऊन अंगणात यायची आणि चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या ओवाळतात तसं. तुम्ही आत बसून सुपारी कातरत असायचात. मी तिच्याजवळ उभी असायचे, आणि चंद्राकडं न बघता तिच्या ताटाकडं बघायचे.

मामानं मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहाचं टपरं टाकलं. माझं लग्न झाल्यावर मी येता-जाता एसटी तिथं थांबायची आणि मी तोंडावर पदर घ्यायचे. तरी तो खिडकीशी यायचा. चहा आत द्यायचा आणि दर वेळी एकच विचारायचा, "भाचे, ठसा घावला का?" मी म्हणायचे, न्हाई मामा. चहा मात्र प्यायचे. तुम्ही गेलात तेव्हा तो मातीला आला, लांब बाभळीखाली उभा राहिला, कुणी खांद्याला ये म्हटलं नाही. पुढं तोही गेला. त्याच्या टपऱ्याच्या जागी आता मोठा धाबा आहे. त्यांचा चहा गोड लई, आणि त्यात काय काय असतं कुणास ठाऊक.

आता इकडचं. मागच्या आठवड्यात पैठणकडच्या एका माणसाचं पत्र काचेत आलं. त्यानं लिहिलं होतं की तुमच्या दुकानातला पोपट आमच्या आजोबानं कोरलेला आहे. आमच्या घरी त्याची जुनी पासोडी आहे, डोळा नाही तीच खूण. कुण्या रंगाऱ्याच्या घरानं माझा पोपट गिळला, असं आजोबा मरेपर्यंत म्हणत होते. बरोबर पासोडीचा फोटो होता. नातीनं दुकानात बघितलं तर पोपट कड्याच्या बाईच्या नावावर. तिच्याच कागदांत तो आला होता, म्हणून तिच्याच नावावर चढला होता. हिनं लगेच फोन लावला. मी लसूण सोलत बसले होते. पलीकडचा आवाज पातळ, पण खोलीत ऐकू येत होता. "ताई, ते चित्र माझं न्हाई. म्यां तवाच सांगितलं हुतं तुमाला. माझ्या कागदांत कुठून आलं, देवाशप्पत मला ठाव न्हाई."

"मग काय उडत आला का?" असं म्हणून हिनं फोन ठेवला. कसा ठेवला ते मी ऐकलं, आप्पा. तुम्ही मामाला 'बेल सुकायच्या आत' म्हणाला होतात, तसाच.

तेव्हापासून पाकीट टीव्हीवर आहे. आणि गोष्ट पाकिटावर थांबत नाही. पुण्याच्या एका कॅलेंडरवाल्यानं त्या बाईला वर्षभराचं काम द्यायचं कबूल केलंय, आणि ते हिच्या शब्दावर. दुकान मोडलं तरी ती उघडी पडू नये म्हणून हिनंच ते जमवून दिलं होतं. आज दुपारी ही त्याला कळवणार आहे की ह्या बाई दुसऱ्याची चित्रं स्वतःची म्हणून देतात, मी हमी देत नाही. ते पत्र लिहून तयार आहे, पाठवायचं तेवढं बाकी. म्हणून मी सकाळपासून हिला धरून बसवलंय, की आधी माझं लिही, मला आप्पांशी बोलायचंय. हिला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. तिचाही माझ्यावर संशय आहेच. चहा दोनदा विचारून गेली.

तर आप्पा, पोपट मी घेतला होता. नदीत बुडेल म्हणून. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून आत ठेवला होता. मामानं बेल उचलला तेव्हा मी त्याच कणगीला टेकून उभी होते. पहिल्या दिवशी भीतीनं बोलले नाही, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या लाजेनं, आणि मग मामानं चहा द्यायला सुरुवात केली. लग्नात पोपट माझ्या लुगड्यांच्या घडीत सासरी आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी आयुष्यभर ज्याच्या-त्याच्यावर नजर ठेवत आले ती त्या चांदण्यातच.

आणि तो कागदही माझाच. ही रोज काचेत जगभरचे मोर दाखवायची. मला वाटलं आपला पोपट ह्यांच्यापेक्षा कमी आहे की काय. एका दुपारी घरात कुणी नव्हतं, मी गेरू कालवला, ठसा कागदावर एकदाच मारला. हात चुकला नाही, तुम्ही असतात तर बोलला नसतात, पण बघितलं असतंत. माझा म्हणून दिला असता तर कुठून आणला म्हणून विचारणं आलं असतं. म्हणून कड्याच्या बाईच्या कागदांत सरकवला. ती जेवत होती तेव्हा. माझ्या हातच्या पिठल्याला चांगलं म्हणत होती.

टकटक थांबली. लिही की बाई, थांबलीस का, हेही लिही.

ही माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, खरं सांगतेस का मला थांबवायला रचतेस?" मी म्हटलं, बेल आण. ती आणायला गेली नाही. उठली, फोनची तार डब्यातून काढून फोनला लावली आणि कड्याचा नंबर फिरवला. मग म्हणाली, "वहिनी, माझं चुकलं. पोपट आमच्या घरातून आलाय." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच मी कान दिला नाही. नंतर तिनं ते पुण्याचं पत्र काचेतून पुसलं म्हणते. मला वाचता येत नाही, तेव्हा हेही तिच्या शब्दावरच. टीव्हीवर पाकीट नाही, तेवढं मात्र दिसतंय.

आता विचारतेय, हे तुमचं पत्र कुठं ठेवू. मी म्हटलं, दुकानातच राहू दे; ते उद्या मोडणार, त्याच्याबरोबर जाईल. मामालाही वेगळं सांगायचं राहिलं, तुम्ही तिकडं असाल तर सांगा, घावला म्हणावं. तिनं एक खोकं आणलंय, आत कापूस घातलाय, वर पैठणचा पत्ता घातलाय, आणि ठसा दे म्हणून हात पुढं करून बसलीय. तो माझ्या उशीच्या खोळीत आहे, हे मी तिला सांगितलं. उठून दिला नाही. म्हटलं, गुडघे धरलेत गं, सावकाश देते.

गुडघे आज बरे आहेत, आप्पा.