जान्हवीच्या गाडीचा शॉकअप

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज बी खोलला न्हाई.

जान्हवीच्या गाडीचा मागचा शॉकअप गोणपाटात गुंडाळून ओट्यावर पडलाय. आत गॅस कोंबलेला असतो. तो आधी सोडायचा, मंगच झाकण काढायचं — न्हाई तर झाकण सुटून थेट तोंडावर येतं. हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच हात उठत न्हाई.

सील गेलंय, तेल गळतंय. मागच्या आठवड्यात मुरमाच्या खदानीत सरावाला गाडीवरून उडी मारली तर गाडी खाडकन आपटली आणि पोरगी हँडलवरून पुढं गेली. हनुवटीला टाके. मी म्हणलो पुण्याला पाठवू शॉकअप. तर म्हणते, "दादा, तेवीसला संभाजीनगरला बाइकच्या उड्यांची रेस आहे. तूच कर की. प्लांटमधल्या एवढ्या मशिनी खोलतोस." बियाण्याची चाळणी खोलणं वेगळं, आपल्या बहिणीला हवेत उडवणारी चीज खोलणं वेगळं. पण हो म्हणून बसलो. मी भित्रा माणूस, न्हाई म्हणायला बी भितो.

१३ नोव्हेंबर

सोडला गॅस. फुस्स झालं आणि संपलं. एवढ्यासाठी इतके दिवस टाळत बसलो.

स्प्रिंग काढली, जुनं तेल परातीत सोडलं, सील बदललं, नवं तेल ओतलं. आतले बुडबुडे निघेपर्यंत दांडा खालीवर करत बसलो. आई येऊन बघून गेली. "भारत, ती कणकेची परात आहे. तुझ्या तेलाची न्हाई." एवढंच बोलली, पण आज भाकरी न्हाई, खिचडी आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गॅस भरायचा राह्यला होता. टायरवाल्याकडं नायट्रोजन आहे, पण त्याचं मशीन एवढं प्रेशर देत न्हाई. प्लांटचा वेल्डर गजाननभाऊ म्हणला, "आण इकडं. माझ्या शेडमधी सिलिंडर आहे, आत्ता देतो भरून." वजनकाट्यावर ट्रक आल्ता म्हणून मी तिकडं गेल्तो. परत येईस्तोवर काम तयार. घरी आल्या आल्या गाडीला बसवला. जान्हवी सीटवर बसून खालीवर उड्या मारून राह्यली, चेहरा असा खुलला की विचारू नका.

मला मात्र उगंच धाकधूक. मला कायम असतेच म्हणा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लिहिलं की बरं वाटतं म्हणून लिहितो.

दुपारी डबा खाऊन गजाननभाऊच्या शेडमधी गेल्तो. हात धुतले नव्हते, लोणच्याचं तेल होतं बोटांना. सहज सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर हात टेकवला तर हा माणूस असा ओरडला की अख्खं शेड वळून बघायला लागलं. "लोणच्याचा हात ऑक्सिजनला लावतो? तेल आणि ऑक्सिजन एकत्र आलं तर भडका उडतो, कळत न्हाई का?"

मी विचारलं, "परवा माझ्या शॉकअपमधी कोणता भरला?"

"हाच की. माझ्याकडं दुसरा कुठंय?"

"भाऊ, त्यात तेल आहे."

त्याचं तोंड पांढरं पडलं. "तेल? मला वाटलं टायरासारखा नुस्ता हवेचा डबा आहे."

आत तेल आणि गॅसच्या मधी एक रबराची पिशवी असते, बस्स. तीच फाटली तर? शॉकअप उड्या मारून मारून तापतो. आणि जान्हवी बसते बराबर त्याच्या वर.

फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. आईला लावला तर म्हणली, "ती गाडी घेऊन खदानीत गेली." सुट्टी बी न मागता निघालो. एमआयडीसीपासून खदानीपर्यंत रस्ता कसा गेला, देवाला माहीत. मनात काय काय आलं ते इथं लिहिणार न्हाई.

दुरून दिसली. हवेत होती. खाली आली, मला बघून थांबली, हेल्मेट काढून म्हणते, "दादा, शॉकअप एक नंबर झालाय!"

"उतर. लांब हो गाडीपासून." आवाज माझा नव्हताच. शॉकअपला हात लावला तर चांगला तापलेला. ती विचारत राह्यली काय झालं, आणि मी तिथंच मुरमात फतकल मारून रडलो. लाज वाटली. वाटू दे.

थंड होऊ दिला. तिला टेकाडापलीकडं उभं केलं, तिथंच शॉकअप उतरवला, ओलं गोणपाट टाकलं आणि स्क्रू ड्रायव्हरनं हळूहळू गॅस सोडला. सगळा जाईपर्यंत मान वळवून, डोळे मिटून बसलो होतो.

१९ नोव्हेंबर

पुन्हा सगळा खोलला. पिशवी शाबूत. नवं तेल भरलं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या बद्रीनाथकडं नायट्रोजन असतो, पाइपा तपासायला लागतो त्याला. सिलिंडरवरचं नाव मी स्वतः वाचलं, मंग पुन्हा वाचलं. तो हसला. हसू दे.

गाडीला बसवला. व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावला — बुडबुडा न्हाई. चहा प्यायलो, पुन्हा फेस लावला. जेवलो, पुन्हा लावला. जान्हवी म्हणते, "दादा, त्याला आता आंघोळ घालून राह्यला का?"

ठरवलंय. तिच्या आधी मी बसणार. मी बनवलं, तर पहिली उडी माझी. जन्मात कधी मारली न्हाई. तिला सांगितलेलं न्हाई.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डाव्या हातानं लिहितोय. उजवं मनगट मोडलं.

गॅस बराबर होता. शॉकअप बी बराबर. पण त्याचा खालचा बोल्ट मी पान्यानं कसलाच न्हाई, नुस्ता बोटांनी फिरवला होता. सगळं ध्यान गॅसकडं. दुसऱ्याच उडीला निघाला.

जान्हवीनं बोल्ट मुरमातून शोधून आणला, कुठं हलगर्जी झाली ते बघितलं. ओरडली न्हाई. रेस बी सोडली न्हाई. अंगणात पाना घेऊन बसलीय. मी खाटेवरून उठायला लागलो तर म्हणली, "दादा, तू आता माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई."

परवा ती जाणार.