सात्यांच्या नकाशाची ओळ

सर, तुम्ही एकदा म्हणाला होतात, "अर्ज म्हणजे पाहुण्यानंच जेवणाचा बेत लिवून धाडल्यासारखं हाय." प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर बसून तुम्ही तेव्हा तुमच्या संशोधन प्रकल्पाचा अर्ज हाताने लिहीत होतात आणि मी आणलेल्या फांद्या जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवत होते. मी हसले. मग तुम्हीच मान वर न करता समजावलंत: तीन वर्षांनी जंगलात काय सापडेल ते आजच सांगायचं, कोण आपल्याला काय दाखवील तेही आजच सांगायचं, आणि ज्यांच्या घरी जायचं त्यांना यातलं काही ठाऊक नसतं. आपल्या कॉलेजात अशा कामाला मदत करणारं कुणी नव्हतं. बसस्टँडजवळच्या टायपिंगवाल्याकडे तुम्ही खेपा घातल्यात. प्राचार्यांच्या सहीसाठी कागद पडून राहिला, कारण प्रकल्प मिळाला तर तुम्ही तास घेणार नाही असं त्यांना वाटत होतं. अर्ज मुदतीनंतर पोचला आणि परत आला. त्याच्या पाठकोऱ्या पानांवर तुम्ही आमच्या चाचणीचे प्रश्न काढलेत.

जे तुमच्यासाठी कुणी केलं नाही, ते आता मी करते. आमच्या विद्यापीठात संशोधन प्रकल्पांसाठी एक कक्ष आहे आणि तो मी सांभाळते. कुठली संस्था कशासाठी निधी देते आहे ते प्राध्यापकांना कळवायचं, प्रस्ताव नीट लिहून घ्यायचा, नैतिकता समितीपुढे ठेवायचा, वरच्या सह्या मिळवायच्या, आणि मंजुरी आली की नेमणुका, खरेदी, वार्षिक अहवाल यांत त्यांच्या मागे उभं राहायचं. प्राध्यापक येतात आणि म्हणतात, "मॅडम, फक्त इंग्रजी बघून द्या." मी विचारते, तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे? पुष्कळदा तिथेच अर्धा तास जातो. कुणी रागावतं, कुणी दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. पुन्हा येणाऱ्यांसाठी मला हे काम आवडतं. गेल्या वर्षी अशीच एक पुन्हा आली. वनस्पतिशास्त्र शिकवणारी, चामोर्शीकडची, नोकरीत नवी. तिला सात्यांवर काम करायचं होतं; प्रस्तावाच्या भाषेत, वारुळांवर उगवणाऱ्या रानटी अळंब्यांवर.

सात्या आपल्याकडे पावसाळ्यात वारुळांवर निघतात, हे तुम्हाला सांगायला नको. कुठल्या वारुळावर, ते मात्र कुणी सांगत नाही. बाया पहाटे एकट्या जातात, येताना दुसऱ्या वाटेने येतात, आणि बाजारात कुणी विचारलंच तर हात हलवून सगळं जंगल दाखवतात. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना आपण गोंडपिपरीकडच्या गावात गेलो होतो. ज्या बाईच्या घरी आपण उतरलो होतो, तिने चुलीवर सात्यांची भाजी केली होती, आणि मी जेवता जेवता चार वेळा जागा विचारली. चौथ्यांदा ती माझ्या ताटात आणखी एक पळी वाढून म्हणाली, "खा." दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे मागे गेले. अंतर ठेवून, झाडाआडून, फार हुशारीने. परत येऊन नमुना तुमच्यापुढे ठेवला, त्याच्या चिठ्ठीवर ओढा, वळण, वारुळाची दिशा, सगळं लिहिलेलं. तुम्ही चिठ्ठी वाचली, फाडली, खिशात ठेवली आणि नवी लिहिलीत: गोंडपिपरी तालुका. बस्स. मग म्हणालात, "तिनं तुले घरात घेतलं. तू तिच्या मागं चोरासारखी गेली. हे विज्ञान नाई, हे घरफोडी हाय." संध्याकाळच्या एसटीत तुम्ही माझ्याशेजारी बसला नाहीत. मला वाटतं तुम्ही मला सगळ्यात जास्त त्या दीड तासात शिकवलंत, आणि तेही खिडकीबाहेर बघत.

या नव्या प्राध्यापिकेला असं काही शिकवावं लागलं नव्हतं. प्रस्ताव लिहायच्या आधी ती दोन पावसाळे एका वनगावात जात होती. सात्या निघणारी वारुळं बाया कशा राखतात, खुडताना काय सोडतात, कुठल्या वर्षी हात लावत नाहीत, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. जागा विचारणार नाही असं तिने ग्रामसभेत सांगितलं होतं. गावाची अट एकच होती: प्रकल्पाचा जो कागद येईल, तो आधी सभेत वाचायचा. त्या गावात मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात, आणि एकमत झालं नाही तर उठतात.

प्रस्ताव पाठवायच्या शेवटच्या दिवशी ती त्याच गावात होती आणि तिथे फोन लागत नव्हता. मी कक्षात प्रस्ताव शेवटचा वाचत होते. चांगला होता, पण मला तो हलका वाटला. अशा कामाच्या शेवटी हातात धरण्यासारखं काहीतरी असलं की परीक्षकांना बरं वाटतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे. मी उद्दिष्टांत एक ओळ वाढवली: सात्या उगवणाऱ्या ठिकाणांचा नकाशा तयार करून सर्वांसाठी खुला करणे. दोनदा फोन लावला, लागला नाही, आणि बटण दाबलं. ती परतल्यावर हे सांगायचं राहूनच गेलं. त्या वेळी मला तुमची आठवण आली असं लिहिलं तर छान दिसेल. आली नाही.

मंजुरी आली. पत्र मीच तिच्या हातात दिलं, गाडीत बसताना, कारण त्या दिवशी ग्रामसभा होती आणि कक्षातर्फे मीही चालले होते. तिने ते वाटेत उघडलं नाही. म्हणाली, "मॅडम, त्यांच्यासोबतच वाचते. तसंच ठरलं आहे." समाजमंदिरासमोर सगळे बसले होते, मला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. ती उभी राहून एकेक ओळ मराठीत सांगत गेली. नकाशाची ओळ तिने निम्मी वाचली आणि थांबली.

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "काऊन थांबली पोरी? वाच ना."

तिने वाचलं. खालच्या आवाजात, पण पूर्ण.

"म्हणजे आमच्या जागा कागदावर जातीन?"

"माय, हे मी नाही लिहिलं."

"मंग कोनं लिवलं? कागद त तुह्या हातात हाय." म्हातारीने शेजारी बसलेल्या आपल्या सुनेकडे बोट केलं. "हिले पाच पावसाळे झाले माह्या घरी येऊन. हिले अजून नाई सांगितलं मी. तुह्या नकाशाले काऊन सांगू?"

"नकाशा पाय दाबून देत असन तं सांगन बुढी," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. सूनही हसली. प्राध्यापिका हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्चीतून उठून म्हणाले, "निधी देणाऱ्या संस्थेला तसं लागतं. त्यांचा नियम आहे."

असा नियम नाही, सर. कुणी मागितलं नव्हतं.

सभेचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "थे ओळ काढून आना बाई. मंग बसू. तवर पोरीनं इथी येऊ नये." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आम्हाला चहा मिळाला. परतताना ती मलाच धीर देत म्हणाली, "तुमचा काय दोष मॅडम, त्यांनाच लागतं ना." मी हो म्हणाले. तिच्या मांडीवर ते पत्र उघडंच पडलं होतं आणि ती ते बोटांनी सरळ करत होती.

संस्थेला फोन केला तेव्हा तिथल्या गृहस्थांनी नम्रपणे सांगितलं की मंजुरीनंतर उद्दिष्ट वगळत नाहीत. पार पाडा किंवा प्रकल्प परत करा. परत केला तर तिचे दोन पावसाळे गेले. आणि पार पाडायचा तर बायांच्या मागे झाडाआडून जायला कुणीतरी नेमावं लागेल, त्याचीही जाहिरात माझ्याच कक्षाने काढायची. आमच्या कक्षाच्या वर विद्यापीठाचे संशोधन संचालक आहेत, त्यांना मी विचारलं, उद्दिष्ट वगळण्यासाठी लेखी अर्ज करू का? ते म्हणाले, "करा. पण कक्षाची चूक लिहू नका. 'स्थानिकांच्या असहकारामुळे' असं लिहा. तेवढ्याने भागतं." भागतंही. असे अर्ज मी इतरांसाठी लिहिलेले आहेत.

या वेळी मी दुसरा लिहिला आहे. तो टाइप करून झाला, आणि मग वहीतली पानं काढून हे तुम्हाला लिहीत बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला आता त्या दोन-तीन वाक्यांपुरताच आठवतो. हे पाठवायचं नाहीच. पण तुमच्यापाशी मान्य करून पाहिलं की तिच्यापाशी मान्य करणं सोपं जाईल, असं वाटलं होतं. तसं झालेलं नाही. तिला अजून काहीच माहीत नाही. थोड्या वेळाने तिचा तास सुटेल आणि ती इथे येईल, तेव्हा अर्जाची प्रत मी तिच्यापुढे ठेवणार आहे आणि ती वाचेपर्यंत समोर बसणार आहे. नंतर तो संचालकांच्या टेबलावर जाईल आणि त्यांनी पुढे पाठवलाच तर संस्थेकडे. तिथून नकार येईल, हे या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला कळतं. तरी अर्ज असा आहे:

नकाशाचे उद्दिष्ट आपल्या संस्थेने मागितलेले नव्हते. ते गावाला आणि संशोधिकेला न विचारता मी स्वतः प्रस्तावात घातले. तेवढी एक ओळ वगळून तिचा प्रकल्प तिच्याकडे राहू द्यावा, ही विनंती.