कॅप्टन पोतिरों यांच्या बचावार्थ

३ जुलै, गुरुवार. सकाळी १०.२०
नागपूरचे प्रकाशक प्रभाकरराव यांचा फोन. एका फ्रेंच साहसकादंबरीचा मराठी अनुवाद हवा आहे. नमिता आहे का, असं विचारत होते. नमिता आतल्या खोलीत ऑनलाइन क्लास घेत होती. फ्रेंचमध्ये एम.ए. केलं आणि आता घरी बसून दुसऱ्यांच्या पोरांना शिकवते. मी सांगितलं, अनुवाद तिचे वडील करतील. त्यांनी 'तुम्ही?' असं दोनदा विचारलं. भारावले असावेत.
मी १९९१ साली फ्रेंचचा सर्टिफिकेट कोर्स केला आहे. सेकंड क्लास. मधली वर्षं ऑफिसात हेडक्लार्की करण्यात गेली, पण भाषा एकदा रक्तात गेली की गेली.
कव्हरवर येणार : अनुवाद – अच्युत वामन दिग्रसकर. चार वेळा लिहून पाहिलं. 'वामन' ठेवावं. भारदस्त वाटतं.

३ जुलै, दुपारी
नमिता म्हणाली, बाबा, मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते, हे माझं पहिलं पुस्तक होतं. मी म्हटलं, तू एकतीसचीच आहेस, पुढे मिळतील. शिवाय टायपिंग तुलाच दिलंय. ती उठून पुढचा क्लास घ्यायला गेली. समजूतदार आहे.

५ जुलै, शनिवार
संकल्प : रोज चार पानं. १५ ऑगस्टला पूर्ण.
काय नायक आहे! कॅप्टन पोतिरों. सत्तावीस सफरी, तीन जहाजं बुडाली, एकदाही घाबरला नाही. हे सगळं तो स्वतःच सांगतो, त्यामुळे शंकेला जागा नाही. असा एक माणूस आमच्या ऑफिसात असता तर.
नमिता म्हणते, तो थापाड्या आहे, बंदर सोडून कधी गेलेलाच नाही आणि लेखक त्याची पानोपानी टिंगल करतो. फ्रेंचमध्ये पोतिरों म्हणजे भोपळा, असंही म्हणाली. मी विचारलं, स्वतःच्या नायकाची टिंगल कोणता लेखक करेल? एम.ए. होऊनसुद्धा साहित्य कळत नाही, याचं वाईट वाटलं.
आज पाऊण पान झालं. डिक्शनरीचा टाइप फार बारीक आहे.

११ जुलै, शुक्रवार
पान ६ वर अडचण. कॅप्टन म्हणतो, बुडतं जहाज मी सगळ्यांत शेवटी सोडलं. दोन ओळींनंतर तो होडीत बसून चीज खातोय आणि बाकीचे अजून जहाजावरच आहेत. छपाईची चूक असणार. दुरुस्ती केली : कॅप्टन वल्ही तपासायला आधी उतरला. खाली टीप दिली. टीप क्र. १ : 'जबाबदार अधिकारी वल्ही स्वतः तपासतो. चीज नाइलाजाने खाल्ले असावे.'
एकूण सहा पानं. संकल्पात बदल : दिवाळी.
नमिताचं टायपिंग फार स्लो. मी दोन ओळी सांगतो, ती दहा मिनिटं बडवत बसते.

२० जुलै, रविवार
प्रभाकररावांची एक विचित्र अट आहे. पुस्तक छापण्याआधी चार गावकऱ्यांपुढे वाचायचं आणि ते जिथे जांभई देतील तिथे कापायचं. म्हणून आज बसने आंजी या खेड्यात. तिथल्या वाचनालयाचे सचिव अण्णाजी, कापूस-सोयाबीनवाले, सज्जन माणूस. बावीस श्रोते होते.
मी टिपांसकट वाचलं. चीजपासून जे हसायला लागले ते थांबेचनात. टीप आली की जास्तच. मी दोनदा चष्मा काढून बघितलं. अण्णाजी डोळे पुसत म्हणाले, साहेब, हा कप्तान तं आमच्या मोतीलालसारखा फोकनाड्या निंगाला, बम मजा आली, येत जा दर इतवारी. (फोकनाड्या म्हणजे थापाड्या. कॅप्टनला!) मोतीलाल तिथेच होता. सगळ्यात मोठ्याने तोच हसत होता.
ग्रामीण भागात शौर्याची कदर राहिली नाही. पुढच्या वेळी हसायला जागाच ठेवणार नाही. टिपा वाचायच्या नाहीत. मजकूरही साफ करायचा.

२७ जुलै, रविवार
सात श्रोते. मजकूर स्वच्छ, गंभीर, ओजस्वी. कुणी हसलं नाही. संपूर्ण यश.
मोतीलाल झोपला होता, पण दिवसभर शेतात राबून आलेला माणूस. नलूबाई नावाच्या एक आजी उठताना म्हणाल्या, आज कप्तान बिमार हाये का जी? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मंग तुमी असान.

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७
घसा बसल्यामुळे गेलो नाही. (नलूबाईंचा याच्याशी काही संबंध नाही.) माझे कागद देऊन नमिताला पाठवलं, सोबत तिची आई मीरा.
दोघी आत्ता आल्या. मीरा नवी नवरी असल्यासारखी बोलतेय. हॉल भरला, माणसं खिडक्यांत उभी, हसून हसून एकाला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. प्रभाकरराव मुद्दाम नागपूरहून आले होते, त्यांनी नमिताच्या डोक्यावर हात ठेवला.
मी विचारलं, माझ्या कोणत्या परिच्छेदाला?
मग निघालं ते. तिने माझे कागद उघडलेच नव्हते. महिनाभर टायपिंगच्या नावाखाली ती स्वतःचा अनुवाद करत होती. सगळं पुस्तक तयार! आणि कॅप्टनचा नोकर चक्क वऱ्हाडीत बोलतो. मालक, तुमी पुढं व्हा, म्या मांगून पयतो, असं. फ्रान्सचा नोकर!
नमिता म्हणाली, बाबा, नाव दोघांचं टाकू.
दोघांचं. मला.

५ ऑगस्ट, मंगळवार
प्रभाकररावांना सविस्तर ईमेल केला. मुलगी फक्त टायपिस्ट आहे. आंजीत वाचला तो माझाच कच्चा मसुदा, तिने गावंढळ शब्द घुसडून बिघडवलेला. साखरपुडा मोडल्यापासून तिची मनःस्थिती ठीक नसते, तेव्हा तिच्या बोलण्यावर जाऊ नये. (हे खोटं नाही. मनःस्थिती कुणाची कायम ठीक असते?) माझी फाइल जोडली. शौर्याला बाधक पानं गाळल्यामुळे काम दिवाळीआधीच संपलं. एकशे चौदा टिपा. कव्हरवर एकच नाव असावं.
कॉम्प्युटरवरची तिची फाइल डिलीट केली. जागा अडत होती.

७ ऑगस्ट, गुरुवार
उत्तर आलं : 'मिळालं. टिपा अप्रतिम. एकही कापणार नाही.'
मीराला पेढे आणायला सांगितलं. तिने आणले नाहीत. नमिताने माझ्याशी बोलणं बंद केलंय. प्रभाकररावांनी तिला माझा ईमेल दाखवला असेल का? दाखवणार नाहीत. जुन्या वळणाचा माणूस आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार
नमिता अजून बोलत नाही. शांततेत भाषणाची तयारी छान झाली. सुरुवात : 'मी केवळ निमित्त.' हे म्हणताना किंचित मान खाली घालायची. आरशात जमलं.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४
प्रकाशन झालं.
क्रमाने लिहितो. वर्ध्याचा हॉल भरलेला. आंजीहून दोन गाड्या भरून लोक. कव्हरवरचा कागद निघाला. अनुवाद – नमिता दिग्रसकर. खाली बारीक टाइपात : कॅप्टनच्या बचावार्थ टिपा – अच्युत वामन दिग्रसकर.
मी डिलीट केलेली ती फाइल तिने त्याआधीच आंजीत प्रभाकररावांना दिली होती.
मी त्यांचा हात धरून म्हटलं, ही चूक आहे. ते म्हणाले, अच्युतराव, तुमच्या टिपा म्हणजे पुस्तकातलं सर्वात मोठं पात्र. कॅप्टनवर विश्वास ठेवणारा पृथ्वीवरचा एकमेव माणूस. असं कुणी ठरवून लिहूच शकत नाही. मग माइकवर जाऊन त्यांनी माझं नाव पुकारलं. टिपा लेखकाच्या तोंडून.
मी वाचल्या. दुसरं काय करणार, लोक बघत होते. नमिता मजकूर वाचायची, मग पुस्तक माझ्यापुढे सरकवायची. साडेतीन महिन्यांनी बोलली ती एवढंच. आता सत्तेचाळीस, बाबा. आता त्रेपन्न, बाबा. हसणं ओसरायला लागलं की पुढचा नंबर. ती स्वतः एकदाही हसली नाही.
त्रेपन्नला मी थांबलो आणि लोकांना स्पष्ट सांगितलं की या टिपा मी गंभीरपणे लिहिल्या आहेत. त्यावर सगळ्यात मोठा हशा. अण्णाजी मांडी बडवत होते. मोतीलाल उठून उभा राहिला आणि मला सॅल्यूट केला.
'मी केवळ निमित्त' म्हणायची संधी मिळाली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८
चहा घेताना मीराला विचारलं, काल तूही हसत होतीस? दुसऱ्या रांगेत दिसल्यासारखी वाटलीस.
ती म्हणाली, हो. कपात साखर ढवळत म्हणाली, अहो, बत्तीस वर्षं तुम्ही घराबाहेर पडलात की आम्ही हसतो. आधी मी एकटी, मग नमिता मोठी झाल्यावर दोघी. काल पहिल्यांदा तुमच्या तोंडावर हसता आलं. फार बरं वाटलं.
रागाने म्हणाली असती तर चाललं असतं. खारी देऊ का, असंही विचारलं.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०
फिरायला जायची वेळ. बूट घातले. दारापर्यंत गेलो आणि बाहेर पडायची भीती वाटली. परत येऊन बूट काढले. मीराने विचारलं, आज जात नाही? म्हटलं, गुडघा दुखतोय. पाच मिनिटांनी ती पुन्हा विचारून गेली.
आता नमिताही विचारायला आली आहे.