न नासणाऱ्या दुधातील औषधाचे नाव आजच मिळणेबाबत

प्रति,
मा. गुणवत्ता अधिकारी,
दूध संकलन व शीतकरण केंद्र.

विषय: प्रथम क्रमांकाच्या गोठ्यात गाईंना दिलेल्या औषधाचे नाव आजच्या आज मिळणेबाबत.
संदर्भ: १) दही न लागल्याबाबत अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज. २) त्यावरील आपला शेरा: "दही हा नमुना नाही."

महोदय,

१. अर्जदार आपल्या केंद्रात चौदा वर्षे दूध तपासनीस आहे. सकाळी कॅन आले की वास, फॅट व आंबटपणा पाहून सही करणे हे त्याचे काम. आजवर त्याच्या सहीकडे बोट दाखवण्याची कोणाची छाती झाली नाही. ही आत्मस्तुती नव्हे, पुढे उपयोगी पडेल म्हणून नमूद केले आहे.

२. गेल्या आठवड्यात आपण 'सर्वांत टिकाऊ दूध' स्पर्धा घेतलीत. एका गोठ्याचे दूध दीड दिवस टेबलावर राहूनही नासले नाही. त्याला ढाल मिळाली. प्रमाणपत्रावर सही अर्जदाराची. भाषणात आपण म्हणालात, "इतकं स्वच्छ दूध तापवायचीसुद्धा गरज नाही!" टाळ्या अर्जदारानेही वाजवल्या. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्या दुधाची एकेक बाटली भेट मिळाली.

३. घरी पत्नीने अर्ध्या दुधाला विरजण लावले. सकाळी पाहते तो दूध ते दूधच. शेजारणीचे विरजण आणले, भांडे ब्लँकेटात गुंडाळले, तरी ढिम्म. ती म्हणाली, "अहो, यात विरजणसुद्धा मरतंय. तुम्ही सही कशावर केलीत?" चौदा वर्षांत हा प्रश्न अर्जदाराला पडायला हवा होता, तो बायकोला पडला. दुधात जनावराच्या औषधाचा अंश उतरला की साधे जंतू मरतात, म्हणून दूध नासत नाही आणि दहीही लागत नाही. मागे उरतात ते औषधाला भीक न घालणारे.

संदर्भ १ चा अर्ज तेव्हाचा. तपासणीच्या फॉर्मवर औषधाचा रकाना नाही आणि ज्याला रकाना नाही ते दुधात असू शकत नाही, असे आपण समजावून सांगितलेत. अर्जदाराने मानही डोलावली.

४. उरलेले अर्धे दूध अर्जदाराने, आपल्या शब्दाला मान देऊन, न तापवता आपल्या सात वर्षांच्या मुलीला आधीच पाजले होते. तिसऱ्या दिवशी ताप आणि जुलाब सुरू झाले. आता ती दवाखान्यात आहे. दोन औषधे झाली, ताप हटत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "हिला आधी इतकी औषधं कुणी दिली?" कोणीच नाही. दुधाची हकीकत ऐकल्यावर म्हणाल्या, "गाईंना काय टोचलं ते कळलं तर तेवढं टाळून दुसरं देते. आमचा जंतूंच्या तपासणीचा अहवाल परवा येईल." पोर परवापर्यंत कशी तग धरेल, हे त्या अहवालात नसेल. अर्जदाराला फार भीती वाटते. हे वाक्य अर्जाच्या नमुन्यात बसत नाही, याची कल्पना आहे.

५. गोठेवाल्याला गाठले. तो म्हणाला, "पांढरी बाटली होती बघा. नाव कोण वाचत बसतंय? औषधांची यादी तुमच्या साहेबांकडे दिलीय की!" यादी आपल्या कपाटात आहे. काल आपल्या कारकुनांनी सांगितले की ती गोपनीय आहे. विजेत्याचे गुपित फुटले तर पुढच्या वर्षी सगळेच गोठे पहिले येतील.

६. सबब विनंती की, ढाल गोठेवाल्याकडेच राहू द्यावी. रकानाही नको. प्रमाणपत्रावरील अर्जदाराची सही खोडावी, त्याला कामावरून काढायचे तर काढावे, तो हूं की चूं करणार नाही. फक्त कपाट उघडून त्या औषधाचे नाव याच अर्जाच्या मागे लिहून द्यावे. आवक-जावक क्रमांक नंतर घालता येतील. अर्जदार कपाटापाशीच उभा आहे.

आपल्या शब्दावर विसंबलेला,
दूध तपासनीस
(सही आता ग्राह्य धरू नये, म्हणून केलेली नाही)

दिनांक: समारंभानंतरचा सातवा दिवस, कार्यालय उघडताच

सोबत:
१) विरजण लावलेल्या दुधाची बाटली, सहा दिवसांची. हलवून पाहावी.
२) पेन, टोपण काढून.