नऊ रुपये चोपन्न नये पैसे

पनवेल,
१५ जानेवारी १९६१

चि. दिनानाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. मिठागरात परवा भरतीचं पाणी घेतलं. बांधावरून चालताना तुझ्या पाचवीच्या पुस्तकातली नावाड्याची कविता आपोआप तोंडात येते. एक ओळ मी, एक तू, असे आपण घरापर्यंत यायचो. तुझी आई दारात ऐकून ऐकून शिकली. अक्षरओळख नव्हती, पण शब्द चुकायचा नाही.

संक्रांतीच्या पाकिटात ती हलवा घालायची. यंदा दुसरं काही घातलंय.

तिच्या पाटल्या सूनबाईला हव्यात, असं तू लिहिलंस. तिचा हक्कच आहे. त्याकडे येतो. आधी बँकेचं सांगतो.

डिसेंबरअखेर पासबुकात व्याज दिसलं, नऊ रुपये चोपन्न नये पैसे. बँक मला दरवर्षी व्याज देते, म्हणून बरं वाटलं. चष्मा पुसून पाहिलं, तर ते मिळालेलं नव्हतं, कापलेलं होतं. तावातावाने गेलो. खिडकीत आपल्या काशिरामचा भगवान बसतो.

"मी कुणाची दमडी ठेवली नाही. व्याज कसलं रे?"

"आबा, बसा आदी. श्रावणात तुमी इस्पितळाला नऊशेचा चेक दिला. खात्यात पैसं नव्हतं. तुमचं नाव बघून सायबांनी तो पास केला. त्याला ओव्हरड्राफ्ट म्हंतात. खातं त्रेचाळीस दिस उणं होतं, तेवढ्याचं व्याज."

"दिनानाथचा नऊशेचा चेक मी आदल्या दिवशीच भरला होता."

त्याने खण उघडला. आतून तो चेक काढून पुढे ठेवला. "परत आलेला. मी घरी घेऊन आलो, तुमी औषधाला गेल्ता. काकी बोलली, आबांना सांगू नको, तुज्याकडंच ठेव. हिंडाया लागल्यावर सोता टांग्यानं येऊन नऊशे भरून गेली."

चेकवर शेरा आहे: पैसे देऊ नयेत, अशी चेक देणाऱ्याची सूचना.

त्याच आठवड्यात मुलुंडच्या ब्लॉकचे पेढे तू पाठवले होतेस. इस्पितळात प्रत्येक खाटेवर तिने ते वाटले. "पोरानी घर घेतलं, आन माज्या ऑपरेशनचं पन त्यानीच दिलं," असं सांगत.

पुढे तिचे हात मोकळे दिसले. म्हणाली, "हात वाळलं, पाटल्या गळतान. पेटीत ठेवल्यात." बँकेतून आल्यावर पेटी उघडली. सोनाराची पावती आहे, आठ तोळ्यांची.

नऊशे तिने झाकले. व्याज लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर, ती गेली त्याच आठवड्यात, तिने नावाड्याची कविता धरली. एक ओळ म्हटली आणि दाराकडे बघत थांबली. पुढची तुझी होती. मला पाठ होती, तरी म्हटली नाही. तू येशील असं मला वाटत होतं. तिला वाटत नव्हतं, हे आता कळलं. म्हणायला हवी होती.

तर पाटल्या तुला केव्हाच पोचल्या आहेत. ब्लॉकच्या कुठल्या भिंतीत, ते सूनबाईला तू दाखव. चेक सोबत आहे. व्याज मी सोसलं, ते पाठवू नकोस.

वर आशीर्वाद लिहिले, ते हाताच्या सवयीने. खोडले नाहीत, तिने खोडू दिले नसते.

महादेव काळूराम
(बँकेत करतो तीच सही)