उत्कर्षाचा मामा

मी उज्वला शमुवेल ओहोळ, वय चोवीस, शिक्षण सहावी, राहणार कोपरखैरणे, रात्रभर झोपलेली नाय. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ आडवं आहे, वार खाली आलीय, रक्त जास्त जाऊ शकतं. आणि आमच्या ह्यांच्याकडनं एका कागदावर सही घेतली. हे एरवी सही म्हणजे नुसती रेघ ओढतात. काल एकेक अक्षर कोरून काढलं. ते बघितलं आणि माझी झोपच गेली. अकराला मला आत नेणार. आत्ता मी शुद्धीवर आहे, अकरानंतर नसणार, गुंगी देणार आहेत, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. कुणी जबरदस्ती केलेली नाय. मला भीती वाटली की हसू येतं, ते वेडात धरू नये.

हे बेलापूरला वकिलाकडं शिपाई आहेत, त्यामुळं मला माहितीय की असल्या कागदात पहिलं घर येतं. घर सासूबाईंच्या नावावर आहे. झालं घर.

कुकर सासूबाईंना. पाच वर्षं म्हणतात माझ्या शिट्ट्या चुकतात, आता त्यांच्या त्यांनी मोजाव्या. पण त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार नाय. लग्नाआधी पाळकसाहेबांनी आमाला समोर बसवून शिकवलं होतं, की नवऱ्यानं आईबापाला सोडून बायकोला धरायचं, दोघांनी एक व्हायचं. मी विचारलं, "साहेब, सोडायचं म्हणजे किती लांब? एकच खोली आहे." पाळकसाहेब खोकायला लागले. मागं बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मधला पडदा मीच शिवलाय गं. अजून किती सोडू?"

मंगळसूत्र, क्रूसवालं, उत्कर्षाला. ती माझी मुलगी, साडेतीन वर्षांची. मोठी झाल्यावर द्यावं, आत्ता दिलं तर चघळेल.

आता हे. आमच्या साताऱ्याकडं लग्न म्हणजे सात जन्मांचं, वडाला दोरा गुंडाळला की बुकिंग झालं. इकडं पाळकसाहेब म्हणाले, एकच नवरा, एकच बायको, मरेपर्यंत. मी म्हटलं, आणि मेल्यावर? "मेल्यावर बंधन सुटतं, उज्वला. वर लग्नं नसतात." मला इतकं रडू आलं! तर हे म्हणतात, "अगं, मरेपर्यंतचं तर बघ आधी. सात जन्मवाल्यानं एकदा तरी भांडी घासली असती का?" आणि खरंच घासतात. शेजारचे चिडवतात, हे ऐकत नाय. म्हणतात, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, मी कढई धुतो, त्यात काय.

म्हणून मी राजीखुशीनं लिहून देते, की मी गेले तर ह्यांनी दुसरं लग्न करावं. फक्त चर्चमध्ये गाणाऱ्या रंजिताशी करू नये. गाताना ती ह्यांच्याकडंच बघते. नाय, हे खोडा. रंजिताशीच करावं. ती उवा काढते तेव्हा उत्कर्षा रडत नाय. माझी शिलाई मशीनपण तिलाच द्या. सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढावी लागते, एवढं तिला सांगा.

राहिला धनाजी. माझा थोरला भाऊ. मार्केटात गोण्या उचलतो, आमच्यापासून दोन स्टॉपवर राहतो. मी ख्रिस्ती झाले तेव्हापासून बोलत नाय. लग्नात पाळकसाहेबांनी विचारलं, "या मुलीला कोण देतो?" माझ्याकडचं कुणीच नव्हतं. सगळे माना वळवून दाराकडं बघायला लागले. मला राहवेना, म्हटलं, "मीच देते की!" सगळं चर्च हसलं. तेव्हा दारातनं मला दिसलं, समोर उसाच्या गुऱ्हाळापाशी धनाजी उभा. नवा शर्ट घालून. तासभर थांबला, आत नाय आला. रागावलेला माणूस नवा शर्ट घालून येतो का?

बालवाडीतली पोरं मामाकडं जातात. उत्कर्षा विचारते, "आई, मामा कुठं मिळतो?" मी सांगते, मार्केटात.

तिच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता लागत होता. मी विचारलं, धनाजीला करू का? पाळकसाहेब म्हणाले, त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला पायजे. मग माझं तोंड बघून म्हणाले, "पण मामा व्हायला बाप्तिस्मा लागत नाय, बाळा." हे मी धनाजीला सांगायला पायजे होतं. नाय सांगितलं, मलाही ताठा होता. आणि मागच्या महिन्यात त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कोंडिबाकडनं कळलं, धनाजी म्हणतो, "त्यांच्यात मामा नसतो. मी कोण म्हणून जाऊ?"

तर असं लिहून देते. उत्कर्षाचा, आणि आत जे आडवं झोपलंय त्याचा, मामा धनाजी जोतीराम साबळे हाच आहे. उत्कर्षाचे कान मी अजून टोचलेले नाय. मामाच्या मांडीवर टोचतात, तर धनाजीनं तिला मांडीवर घेऊन ते टोचून घ्यावे. ह्यांना मान्य आहे. सासूबाईंनापण मान्य आहे, फक्त म्हणाल्या, "पेढे त्यानंच आणावे, आमच्यात तो एकच मामा आहे."

साक्षीदार पहिली: गोजरा म्हात्रे, शेजारची खाट, उरणकडची. अंगठा. (म्हणाली, "आगो, मरनाचा कागद हाय, आन तू हसतंस कनाला?")
साक्षीदार दुसरी: सत्यभामा, वॉर्डातली आयाबाई. सही, घाईत.

लिहून देणार: उज्वला ओहोळ. सही माझी.
ठिकाण: वाशी, बायकांचा वॉर्ड, खाट सात. तारीख १२ नोव्हेंबर १९९६, सकाळी नऊ.

असा कागद माणूस गेल्यावर वाचतात म्हणे. ज्यांच्या हाताला लागेल त्यांनी तेवढं थांबू नका. मागच्या बाजूला एक नंबर आहे, धनाजीच्या खोलीखालच्या वाण्याचा. तो हाक मारून बोलावतो. मृत्युपत्र म्हणू नका, तो मटकन खाली बसेल. म्हणा, बहिणीला आत नेतायत, आणि गेटवर आजीचा हात धरून एक पोरगी उभी आहे, तिला वर सोडत नाय, मामा आला तर बरं होईल. मी असले तरी सांगा, नसले तरी सांगा. पण तुमच्या पाया पडते, माझ्या भावाला फोन लावा.