गार पडलेली गाडी

प्रिय मोहित,

लग्न होऊन मी घाटघरला आले तेव्हा तू शाळेच्या खाकी चड्डीत होतास, त्यामुळे तुला भावोजी म्हणायची जीभ कधी वळलीच नाही. आता नारायणगावच्या गॅरेजात पोरं तुला उस्ताद म्हणतात म्हणे. म्हणू देत, मी तूच म्हणणार. दिवाळीला आला नाहीस, माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. फाडायचंच असेल तर आधी पुरतं वाच आणि मग खुशाल फाड.

भात झोडून झालं, नाचणीही घरात आली. तुझा दादा कामात कसूर करत नाही, पण जेवायला बसला की घास हातात तसाच धरून ठेवतो. मी चिडते, मग माझीच मला लाज वाटते. आपली जुनी पेट्रोलची गाडी विकून टाक म्हणून मी मागे लागले, तर ऐकत नाही. दुपारच्या उन्हात ती अंजनावळ्यापर्यंत नेतो, तापली की बंद करतो, थोडा थांबतो आणि पुन्हा चालू करतो. दर वेळी चालू होते. घरी येऊन मला एवढंच सांगतो की झाली चालू. मला तर त्या गाडीला काडी लावावीशी वाटते.

चैत्रातल्या त्या दुपारी मीही गाडीत होते हे तू विसरलास. आत्याबाईंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, छातीत कळ आली, आम्ही त्यांना जुन्नरला न्यायला निघालो. अंजनावळ्याच्या पुढे त्यांनाच पेट्रोलच्या वासानं मळमळायला लागलं. “बंद कर रं ती, जीव गुदमरतोय,” असं त्याच म्हणाल्या. गाडी का बंद केली म्हणून तू दहाव्याला चारचौघांत दादाला विचारलंस ना, हे त्याचं उत्तर. आईच्या माथी नको म्हणून तो गप्प बसला. त्या ओकल्या, जरा बरं वाटलं म्हणाल्या, आणि मग गाडी काही केल्या चालू होईना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दादानं तुला फोन लावला. रेंज येत-जात होती. तेव्हा तो काय बोलला ते आठव. “मोहित, गाडी गार पडली राव, काय करू?” तू म्हणालास, “चोक वढ, ॲक्सिलरेटरवर पाय मारीत रहा, सोडू नको.” त्यानं तसंच केलं. बॅटरी उतरेपर्यंत केलं. आत्याबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि ते जड कधी झालं हे मला कळलंसुद्धा नाही.

भाद्रपदात गावातल्या कुशाबाची जीप आपल्या दारापुढे बंद पडली. तो ओरडला, “गार पडली बग!” दादानं बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. मोहित, त्यानं हात काढलाच नाही. मीच ओढून बाजूला केला.

त्यालाही मागाहूनच कळलेलं सगळं त्या दिवशी त्यानं मला सांगितलं. तापलेली गाडी बंद केली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरतं. तेव्हा चोकला हात लावायचा नसतो, पाय सारखा मारायचा नसतो, त्यानं आत पेट्रोल आणखीच तुंबतं. बॉनेट उघडून ओलं फडकं टाकायचं, ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून धरायचा आणि मग स्टार्टर मारायचा. तुला हे माहीत नाही असं थोडंच आहे! पण आपल्याकडे गाडी बंद पडो, नाहीतर माणूस खचो, सगळं गारच पडतं. तुझ्या गॅरेजात मात्र गार म्हणजे थंड. तू थंड इंजिनाचा इलाज सांगितलास. थंड गाडीला तो बरोबरच होता, फक्त आपल्या तापलेल्या गाडीला लागू नव्हता. चूक तुझी नाही, त्याचीही नाही, हे मी त्याला शंभरदा सांगून थकले.

त्यानं मला समृद्धीची शपथ घातली होती. म्हणाला, “त्याला सांगू नगं. त्याला झोप लागायची न्हाई. माझी तशीबी गेलीच हाय.” ती शपथ मी आज मोडतेय. लेकीची शपथ आहे, पण लेकीसाठीच मोडतेय.

गेल्या आठवड्यात ओतूरच्या लग्नात तू पाहुण्यांना सांगत होतास की दादानं आईला रस्त्यात मारलं. तुझ्या पाठीमागे समृद्धी जेवायला बसली होती.  घरी आल्यावर बापापुढे उभी राहून पोरीनं विचारलं, “पप्पा, तुमी आजीला मारलं?” मला वाटलं आता तरी तो तोंड उघडेल. त्यानं तुझं नाव घेतलं नाही, आत्याबाईंचं घेतलं नाही. हो म्हणाला. तेव्हापासून ती त्याच्याजवळ झोपत नाही. मी सांगून पाहिलं, तर म्हणते, पप्पा स्वतःच हो म्हणाले. ये मोहित. मला तुझी माफी नको, फक्त तिच्यासमोर बसून फोनवर काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग.

तुझीच,
साधनावहिनी